आय अ‍ॅम अफ्रेड

दादाच्या हृदयाचं ऑपरेशन संपायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. थिएटरचं दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. ते दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून वहिनींनी मलाच पुढे केलं.

“आय अ‍ॅम अफ्रेड...” ते म्हणाले, आणि तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली. ते वळून तिच्याशी बोलू लागले.

“भाऊजी, काय म्हणाले?” वहिनींनी माझी बाही घट्ट धरली.

वर्गात मी दरवर्षी सांगतो, की अफ्रेड म्हणजे घाबरलेला, पण इथे बोलणारा घाबरलेला नसतो. नको असलेली बातमी देण्याआधी तो अदबीने असं म्हणतो. मग मुलं पुढचं वाक्य पुरं करतात. साहेब बाहेर गेलेत. तिकिटं संपलीत. त्या दोन-चार शब्दांपुढे काय काय येऊ शकतं, हे त्या क्षणी मला नको इतकं ठाऊक होतं.

“अजून सांगताहेत,” एवढंच मी म्हणालो.

सर्जन परत वळले. “यू विल हॅव टू वेट.” दादा ठीक होता, हेही त्यांनी सांगितलं. त्याला भेटायला फक्त आणखी दोन तास थांबावं लागणार होतं.

वहिनींना सांगितलं, तर त्या खाली बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. “मग आधी घाबरू नका म्हणायचं ना हो! आपले डॉक्टर तसंच म्हणतात.”

सर्जनना थँक यू म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते “धन्यवाद”.