टाइल्सचं खुराडं

आठवडी बाजारात खकनारच्या बसनं येऊन कोंबड्या विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. टोपलीवर हात ठेवून ती गिऱ्हाइकाकडे न बघताच बोलते. कोंबडी उचलली की आधी तिच्या पिसांत फुंकर मारून कातडी बघते.

निवृत्तीनंतर मी परसात स्वतःच्या हातानं खुराडं बांधलं. भंगारातल्या पावरलूमचं लाकूड, बारीक जाळी, खाली टाइल्स, वर उतरतं छप्पर, दारावर स्वस्तिक. नारळसुद्धा फोडला. मग या बाईकडून चार कोंबड्या नेल्या. पहिल्याच संध्याकाळी चौघी खुराड्यातून बाहेर पडून माझ्या स्कूटरच्या हँडलवर जाऊन बसल्या, आणि रोज तिथंच बसू लागल्या.

पुढच्या बाजारी मी तक्रार घेऊन गेलो. "बाई, तुमच्या कोंबड्यांना काही वळण नाही."

तिनं माझ्या मोबाइलमधला खुराड्याचा फोटो मन लावून पाहिला.

"घर तं एकदम बढिया हाये, भाऊ. पन आत दांडी कुठं हाये? कोंबडी फरशीवर झोपत नाय. तिला पायात धरायला दांडी लागते."

दांडी माझ्या नकाशातच नव्हती.

"नोकरी कोनती होती?" तिनं विचारलं.

"सरकारी इमारतींचे नकाशे काढायचो. शाळा, अंगणवाड्या," मी जरा ताठ होऊन सांगितलं.

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"हां," ती म्हणाली, "म्हनून आमच्या गावची पोरं बाहेर निंबाखाली बसतात."