मेजरांनी घेतलेला तांबुआ

अपेनिसाने ब्रिटिश पलटणीत तेरा वर्षं काढली, त्यातली दोन अफगाणिस्तानात. फिजीहून आलेल्या शिपायाला नोकरी असेतो व्हिसा लागत नाही. ती सुटली की मुदतीत अर्ज करावा लागतो. हे त्याला कोणी सांगितलंच नाही. उलट निरोपाच्या दिवशी मेजर थॉर्नली म्हणाले होते, "कागदांची काळजी सोड. तू आता इथलाच."

चार वर्षांनी सरकारी पत्र आलं : मेअखेर देश सोडा. हॉस्पिटलातली वॉर्डबॉयची नोकरी त्याच आठवड्यात गेली. वकीलबाई म्हणाल्या, मेजरांनी आपलं बोलणं लेखी दिलं, तर आशा आहे.

त्याच्या बायकोने, केलेराने, माहेरचा तांबुआ बाहेर काढला. देवमाशाचा दात तो, हात लागून लागून तांबूस झालेला. मोठं मागणं असलं तरच पुढे करायचा. समोरच्याने घेतला की शब्द दिला. मेजरांच्या दिवाणखान्यात मांडी घालून अपेनिसाने तो दोन्ही हातांनी दिला. मेजरांनी घेतला.

"पण त्यांना कळलं ना, काय घेतलं ते?" घरी केलेराने विचारलं.

"आमच्या पलटणीत निम्मी पोरं फिजीची. साहेबांना तू शिकवणार?"

सहा आठवडे गेले. कधी साहेबांचा गुडघा दुखत होता, कधी नातवंडं आली होती. अपेनिसाकडे कारण तयार असे. "टपालपेटी सापडत नसेल तुझ्या साहेबांना. मीच दाखवून येते," केलेरा म्हणाली. लेकीच्या शाळेतून जूनच्या सहलीचा फॉर्म आला होता. केलेराने त्यावर सही केली नाही, पण तो फाडलाही नाही. बस धरून ती मेजरांकडे गेली.

तांबुआ दिवाणखान्यात, फायरप्लेसच्या वर भिंतीवर टांगलेला होता.

"सर, ते पत्र..."

"अगं, तेव्हा नेमकं काय बोललो, आठवत नाही. उगाच सही करून अडकायचं..." मेजरांनी तिच्याकडे न बघताच तांबुआ खिळ्यावरून काढला. दोन्ही हातांवर धरला, मान लववली आणि तिच्यापुढे केला. अगदी रीतसर नकार.

म्हणजे सगळं ठाऊक होतं. घेतानाही.

घरी अपेनिसाने तांबुआ पाहिला. "घाईत दिला असेल. एका हाताने ना?"

"दोन्ही हातांनी. मान लववून."

 मग त्याने गावी वडिलांना फोन लावला. "बाबा, मागची खोली रिकामी करा. आम्ही तिघं येतोय."

"सुट्टी मिळाली होय रे?" म्हातारा आनंदाने ओरडला. "किती दिवसांची?"

अपेनिसाने फोन केलेराच्या हातात दिला.