इंजिन बंद करण्याआधी
मार्चमधला रविवार. पालीच्या चहाटपरीवर हजर: मी, माझे यजमान आणि जुन्या टर्बो सेडानमध्ये बसलेले एक चाचा. तसली गाडी आता दिसत नाही, तरी कुणी वळून बघत नव्हतं. गाडी उभी, इंजिन चालू.

"चाचा, पेट्रोल फुकट जातंय," मी म्हटलं.

"टर्बो आहे, बाय. पळून आली की बंद करण्याआधी जरा दम खाऊ द्यायचा." त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवरून हात फिरवला. "दुबईहून सुट्टीवर यायचो, तेव्हा घर माणसांनी भरलेलं. बायकोशी बोलणं गाडीतच, एवढ्या वेळातच व्हायचं. आता ती नाही. गाडी हळूच चालवतो, दम खायची गरज नसते, तरी थांबतो."

घरी पोचताच ह्यांनी आमची गाडी बंद करून चावी काढली. "जरा बसा," मला म्हणायचं होतं. ते अजून राहिलंय.