कलकत्त्यात मासे कोण खातं?

सांख्यिकीच्या ऑनर्सला जागा मोजक्याच होत्या आणि त्यातली एक मला हवी म्हणजे हवीच होती. सरांनी सांगितलं होतं, रोजच्या जगण्यातला एक प्रश्न घ्या, माणसांना विचारून आकडे जमवा, सरासरी काढा; ज्याचं काम चोख त्याला जागा. मी प्रश्न घेतला : कलकत्त्यातलं मोठं माणूस आठवड्यातून किती दिवस मासे खातं? वर्गात मी एकटी मराठी. म्हटलं, या बंगाल्यांच्याच ताटातलं काढून यांना दाखवते!

बाबांची बदली झाल्यापासून आम्ही बालीगंजमध्ये राहत होतो. त्याच आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. कोणी हावड्याहून, कोणी पार बागबाजारातून, शहरभरच्या मराठी बायका आयत्या घरी आलेल्या. मग काय, अत्तर लावता लावता एकेकीला विचारून घेतलं. कारवारकडच्या एक मामी सोडल्या तर सगळ्यांनी ‘शिव शिव!’ म्हणून कानांवर हात ठेवले. मी सरासरी काढली आणि ऐटीत सरांपुढे ठेवली.

सरांनी ती वर्गात मोठ्यांदा वाचली. ‘‘या मुलीच्या हिशेबाने कलकत्त्यात मासे जवळजवळ कोणी खातच नाही!’’ पोरं बाकांवर लोळायची तेवढी बाकी होती. सर म्हणाले, ‘‘भागाकार बिनचूक आहे. पण विचारलंस कुणाला? पुढच्या आठवड्यात पुन्हा आण.’’ मला रडूच येत होतं, पण त्या टोळक्यापुढे रडतंय माझं खेटर!

दुसऱ्या दिवशी नाकाला पदर लावून थेट मासळीबाजार गाठला. तिथे जो तो रोज खाणारा! बाहेर पडता पडता डोक्यात उजेड पडला. अरे, हेही हळदीकुंकूच की, फक्त उलटं. घरी आले तर आईने मला दारातच अडवलं. ‘‘आधी न्हाणीघरात जा. कपड्यांसकट!’’ डोक्यावर पाणी घेत मी आतूनच तिला सगळं समजावून सांगितलं. माणसं आपल्या सोयीने निवडली किंवा एकाने जरी खोटं सांगितलं, की सगळी मेहनत पाण्यात. आई ‘हं’ म्हणाली. तिचं शाळेत जाणं लग्नामुळे सुटलं होतं आणि माझं काही सुटू नये म्हणून ती टपलेली असायची.

मग मी आमच्या रस्त्याच्या टोकापासून दर तिसरं घर धरलं. कोणी आवडो न आवडो, तिसरं म्हणजे तिसरं. लोकांनी कौतुकाने सांगितलं. एका आजोबांनी तर आकडा सोडून इलिश मासा कसा पारखावा यावर व्याख्यानच दिलं. असं करत करत नेमकं आमचंच घर तिसरं आलं. वगळावं असं मनात आलं, पण स्वतःच नेम मोडला तर मग सरांना काय तोंड दाखवणार? उंबऱ्यात उभी राहून मी रीतसर प्रश्न विचारला.

‘‘शून्य,’’ बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. आईचंही शून्य मी न विचारताच मांडायला घेतलं.

‘‘थांब गं,’’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘‘खोटा आकडा गेला तर तुझी जागा जाईल ना?’’

‘‘जाईल की.’’

तिने आमटीचं पातेलं खाली उतरवलं. ‘‘मग माझा एक दिवस लिही. परवा वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंच्या नातवाचं उष्टावण नव्हतं का? त्यांनी ताटात वाढलं आणि हात धरून बसल्या. नाही म्हणवेना.’’

बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘‘अगं, तू? मासा?’’

‘‘काटे फार होते,’’ आई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता, ‘‘चवीला बरा होता.’’

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. दिवसभर सोवळं सांभाळणारी ही बाई, माझ्या एका आकड्यासाठी बाबांसमोर हे बोलली!

सरांनी कागद नीट पाहिला, आमच्या घरापुढच्या ‘एक’ या आकड्यावर बोट ठेवलं. ‘‘हे कोण?’’

‘‘माझी आई,’’ मी मान ताठ करून म्हटलं.

जागा मिळाली. सांगायला धावत घरी गेले, तर आईने साखर हातावर ठेवली आणि हळूच म्हणाली, ‘‘झालं ना तुझं काम? आता या आठवड्याचं विचारू नकोस हं.’’