ओमतीची तीन दिवसांची बाग

हिंदी मुलखातल्या एका शहरात, कांचघर मोहल्ल्यात राहणाऱ्या रत्नाकर मांडववाल्याला साऱ्या जगाच्या अकलेची कीव येई. चाळीस वर्षं लग्नांचे नि सभांचे मांडव घालताना त्यानं नवरदेव, व्याही, पुढारी सगळे जवळून पाहिले होते, आणि त्यातला एकही त्याला धड वाटला नव्हता. तोंडावर सगळ्यांना "जी, जी" करायचा आणि पाठ फिरली की मजुरांपुढे त्यांची नक्कल करायचा.

त्याच शहरातल्या ओमती भागाच्या चौकात तीन दिवसांची बाग उभारायचं काम आलं, तेव्हा त्याला नाक मुरडायला आयतंच कारण मिळालं. चौकातला जुना कडुनिंब रस्ता रुंद करताना कापला होता. आता कुठलीशी संस्था तिथंच फूटभर उंच फळ्यांचा चौथरा बांधून त्यावर कुंड्या मांडणार होती. म्हातारे, अपंग, कोणीही यावं, झाडाला हात लावावा. 'सर्वांसाठी हिरवळ' असा फलकही छापून आला होता.

"झाडं कापून राहिले आणि कुंड्या भाड्यानं आणून राहिले! वा रे शहाणे!" रत्नाकर म्हणाला.

नकाशा काढणारा श्रीरंग मराठी घरातलाच, पण त्याची मराठी आजीशी बोलण्यापुरतीच उरली होती. चौथऱ्याला त्यानं जेमतेम तीन फूट लांबीचा उतार काढला होता.

"यावरून बकरी चढेल. अपंगांची तिचाकी नाही चढत, भैया," रत्नाकर म्हणाला.

"अंकल, ड्रॉइंग पास हो चुका है. उतार लांब केला तर फोटोत बाग छोटी दिसेल ना."

रत्नाकरचं डोकंच फिरलं. त्याची धाकटी बहीण सुनेत्रा लहानपणी पोलिओनं पायानं अधू झालेली. आता बावन्न वर्षांची होती आणि हातानं चालवायच्या तिचाकीवर फिरायची. रत्नाकरनं कोणालाही न विचारता त्याच दुपारी बारा फुटांचा उतार ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्राला उचलून घराच्या तीन पायऱ्या उतरवलं आणि तिचाकीत बसवलं.

"मला काहून नेऊन राहिला, दादा?"

"बाग पाहायला," तो म्हणाला. खरं तर त्याला त्या दीडशहाण्या श्रीरंगचं तोंड पाहायचं होतं.

सुनेत्रा उतारावर कोणाचा हात न लागता चढली. चौथऱ्यावर थेट मरव्याच्या कुंडीपाशी गेली, एक पान चुरगळलं आणि कितीतरी वेळ वास घेत राहिली. श्रीरंग जवळ येऊन खाली मान घालून म्हणाला, "सॉरी, दीदी. मैंने सोचा ही नहीं."

रत्नाकरला तेवढंच हवं होतं. तो मजुरांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "पाहिलं? चार फळ्या आणि एका दुपारचं काम! याला कॉलेज लागत नाही. माणूस डोळ्यासमोर असावा लागतो."

मजूर हसले. सुनेत्रा हसली नाही. चुरगळलेलं पान हातात धरून ती भावाकडे पाहत होती.

"एका दुपारचं काम आहे का, दादा?"

"मग? किती वेळ लागतो!"

"मग आपल्या दाराशी काहून नाही बांधला? आई गेल्यापासून तूच मला उचलून राहिला. तू बाहेरगावी गेला की मी आठ-आठ दिवस खिडकीत बसते."



"दारापुढे जागा कुठं आहे?" तो पुटपुटला.

जागा होती. तिथं तो मांडवाच्या फळ्या रचून ठेवायचा.