उसना दमा

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे बटणकाकू म्हणत. शाळेच्या गणवेशांच्या दुकानात त्या शिवणकाम करत, आणि जिन्यात कोणाचंही पोर तुटक्या बटणाचं दिसलं की त्याला तिथंच पायरीवर बसवून, अंगातल्या शर्टालाच बटण लावून देत. "हलू नकोस हं, नाहीतर शर्ट पोटाला शिवला जाईल," हा त्यांचा ठरलेला विनोद. बाई हसतमुख, पण कोणाच्या घरी फार वेळ टेकत नसत आणि आपल्या घरीही कोणाला टेकू देत नसत. शेजारणींनी त्याला गर्व असं नाव ठेवलं होतं. काकूंना ते चालत होतं. खरं कारण कळण्यापेक्षा गर्व परवडला.

खरं कारण असं की त्यांना फिट्स येत. पहिली आली ती शाळेत, भर वर्गात. शुद्धीवर आल्या तेव्हा स्कर्ट ओला होता आणि बाकावरची मैत्रीण उठून पार भिंतीला चिकटून उभी होती. झटक्यांतलं काकूंना काहीच आठवत नसे. भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीचा चेहरा मात्र जन्मभर आठवत राहिला. आता गोळ्यांमुळे दुखणं पुष्कळ आटोक्यात होतं, कधीकधी वर्षभर काही होत नसे. तरी विजेच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला फिट्स येतात हे मालकीणबाईंना कळलं, तर हातचं काम जाईल ही धास्ती होतीच.

हे ठाऊक फक्त नवऱ्याला आणि एकुलत्या एका लेकीला. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर जाई, त्यामुळे वेळ आली की जवळ लेकच असे. पाटी-दप्तराच्या वयातच ती त्या कामात तरबेज झाली. दार लोटायचं, रेडिओ मोठा करायचा, आईला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली उशी सारायची. कोणी दार वाजवलंच तर फटीतून सांगायचं, "आई झोपलीय."

ती लेक आता मेडिकलच्या लेखी परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली होती. राहिली होती ती मुलाखत.

तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत, त्यांना सगळे हेडबाई म्हणत. त्यांनी आपणहून निरोप धाडला, "पोरीला माझ्याकडे पाठवा. लेखीतली हुशार मुलं तोंडी परीक्षेत माती खातात." मग रोज संध्याकाळी लेक खाली जाऊ लागली. काकूही दुकानातून आणलेलं काजं-बटणांचं काम मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसत.

"डॉक्टरच का व्हायचंय?" हेडबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची आवड आहे."

"हो का? लहानपणी कोणाची केलीस?"

लेक खुर्चीत सरळ होऊन बसली.

"अगं, सकाळपासून असे डझनभर सेवक त्यांच्यासमोर येऊन गेलेले असतात. घरचं काही सांग. जवळचं आजारी माणूस पाहिलंयस का कधी? मनातलं बोल, पाठ केलेलं नको."

लेकीनं मान वळवून आईकडे पाहिलं. काकू खाली बघून एक चांगली शिवण उसवू लागल्या.

वर घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, खरं ते सांगू का गं?"

"नको. हेडबाई रोज सकाळी कोणाबरोबर फिरायला जातात, माहीत आहे ना? आमच्या मालकीणबाईंबरोबर. घरातलं घरात राहू दे."

"मग सांगू काय?"

"आजोबांना दमा होता. तो सांग."

"ते गेले तेव्हा मला बोलताही येत नव्हतं!"

"हे त्यांना कोण सांगायला जातंय?"

आणि काकू कामाला लागल्या. आजोबांची खाट कुठे होती, पंप उशाला कसा असायचा, जिना चढताना ते मधल्या पायरीवर कसे थांबायचे, आणि नात कशी त्यांचा हात धरून उभी राहायची, सगळं त्यांनी शिवून दिलं. लेक हसत सुटली. "तू तर आजोबांना परत जन्माला घातलंस गं!" दोघी खूप हसल्या. नंतर भाजी चिरताना लेक एकदम गप्प झाली, ते काकूंनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

हेडबाईंना आजोबा आवडले. "हे ठीक आहे. मन लावून सांगतेस. बरं, त्यांना धाप लागली की तू काय करायचीस?"

हा प्रश्न काकूंनी शिवलेल्या गोष्टीत नव्हता. लेकीनं जराही न अडखळता उत्तर दिलं, "आधी कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं. धरून दाबून ठेवायचं नाही, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचा नाही. किती वेळ चाललंय ते घड्याळात बघायचं."

हेडबाईंनी चष्मा काढला. "दम लागलेल्या माणसाला तू आडवं करायचीस?"

लेकीनं जीभ चावली.

"माझ्या थोरल्या भावाला दमा होता. त्याला उठवून बसवावं लागायचं, आडवा झाला की जीव घाबरा व्हायचा त्याचा. तू कोणाचा दमा पाहिलेला नाहीस, मुली. कुठून तरी गोष्ट उचलून आणलीस. उद्या रोग्यांशीही असंच लबाड बोलणार? मला वाटलं होतं, सरळ पोर आहे."

लेकीचे कान लाल झाले. या वेळी तिनं आईकडे पाहिलंही नाही.

बोलायला हवं होतं ते काकूंनी. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य गळ्यापर्यंत आलं, आणि तिथेच मालकीणबाईंचं मशीन, शेजारणींची कुजबुज, भिंतीला चिकटलेली ती मुलगी, सगळं त्याच्या आड आलं. काकूंनी गणवेश गोळा केले, "येतो आम्ही," म्हणाल्या आणि लेकीच्या मागून जिना चढल्या.

"जाऊ दे गं आई," दार लावून घेत लेक म्हणाली. "मी सेवाच सांगेन. एवढं काय!"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पोरीला आपल्या देखत लबाड ठरवलं, आणि आपण टाचण्या मोजल्यासारखं करत बसलो. काकू ताट तसंच सारून उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परतताना त्या वर न जाता आधी तळमजल्यावर गेल्या. हेडबाई झाडांना पाणी घालत होत्या.

"बाई, आजोबा मी शिकवले तिला," काकू उभ्याउभ्याच म्हणाल्या. "ती सांगत होती ते माझं. मला फिट्स येतात."

हेडबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काल मी तिला लबाड म्हणाले, तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात."

"हो."

आणखी काही विचारलं असतं तर काकूंना सोसलं असतं. हेडबाईंनी विचारलं नाही. "दुकानात माहीत आहे?" एवढंच म्हणाल्या.

"नाही."

"माझ्याकडून कळणार नाही. पण मशीनवर बसता, तेव्हा तुम्हीच सांगून टाका केव्हातरी. आता पोरीला बोलवा. तिची माफी मागायची आहे मला."

त्या संध्याकाळी लेक पुन्हा त्या खुर्चीवर बसली. डॉक्टरच का, हेडबाईंनी विचारलं. काकू मांडीवर काम न घेता बसल्या होत्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"माझ्या आईला फिट्स येतात," लेक म्हणाली. "लहानपणी सांभाळायला मीच असायचे. फिट आली की काय करायचं ते मला माहीत होतं. पण शुद्धीवर आली की तिचा पहिला प्रश्न असायचा, 'कोणी पाहिलं का?' मी नाही म्हणायचे. एकदा समोरच्या मावशींनी पाहिलं होतं, तरी नाहीच म्हटलं. मला वाटायचं, कधीतरी ती विचारेल, तू घाबरलीस का? दवाखान्यातसुद्धा ती नर्स बाहेर जाईपर्यंत तोंड उघडत नाही. मला अशी डॉक्टर व्हायचंय की माझ्यासमोर बसलेल्या माणसाला आधी दाराकडे बघावं लागू नये."

काकूंना वर बघवेना. पोरगी शहाणी आहे, धीट आहे, असं त्या नवऱ्याला नेहमी कौतुकानं सांगत आल्या होत्या. ती घाबरत असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

"चांगलं आहे," हेडबाई म्हणाल्या. "पण मधेमधे आईकडे बघून अडतेस. पुन्हा म्हण."

"मी बाहेर थांबू का?" काकूंनी उठत विचारलं.

"नको, बस," लेक म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मुलाखतीच्या दिवशी काकू कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर बसून होत्या. लेक बाहेर आली ती घामानं चिंब होऊन.

"एकांनी विचारलं, हे सगळं इथे सांगायला आईची हरकत नाही ना? मी म्हटलं, तिच्यासमोर बसून तयारी केलीय."

शेजारच्या बाकावर दुसऱ्या कोणाचे तरी आईवडील बसले होते. काकूंचा चेहरा तापला. तरी त्या आवाज न उतरवता म्हणाल्या, "आणि तू घाबरलीस का गं?"

"कधी, आत्ता?"

"आत्ता नाही. तेव्हा."

लेक त्यांच्याशेजारी बाकावर बसली. "हो," ती म्हणाली. "खूप."