आचार्यजींचा आवाज

नवरदेव स्टेजवर आला की आचार्यजी आधी त्याच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून स्वतःच्या खिशात टाकायचे. "बुद्धासमोर ऊन नाही लागत, बाबू." सौंसरकडच्या बौद्ध लग्नांत हे तुम्हीही पाहिलं असेल. लग्न लागल्यावर चष्मा परत मागायची एकाही नवरदेवाची हिंमत व्हायची नाही.

एरवी ते मोहगावकडच्या संत्र्याच्या बागांत फवारणी करायचे. लग्नसराईत पांढरा शर्ट घालून लग्नं लावायचे. माझंही त्यांनीच लावलं. पंचशीलातलं दारूचं शील मी जरा घाईत उरकलं, तर भर मांडवात म्हणाले, "हे नीट म्हण. बाकीच्या चारची मले काळजी नाही." बायको आजही मला ते ऐकवते.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पावलं घासत पडू लागली. चेहरा तर असा थिजला की कितीही हसवा, हलेना. गल्लीला वाटलं, माणसाला शिष्टपणा आला. कोणी म्हणे, जामसांवलीच्या हनुमानाला नेऊन आणा. त्यांच्या मुलीने ते ऐकलं नाही, सरळ नागपूर गाठलं. सोबत मीही गेलो, कारण मोठ्या दवाखान्यातलं मला कळतं असा माझा समज आहे. अर्धी सकाळ आम्ही हाडांच्या डॉक्टरच्या रांगेत काढली.

शेवटी योग्य डॉक्टर भेटले. म्हणाले, पार्किन्सन. "फवारणी करायचे का?"

"हाव. औषध हातानंच ढवळत होतो."

अशा औषधांनी धोका वाढतो असं दिसतं, डॉक्टर म्हणाले, पण तुम्हाला त्यानेच झालं असं ठामपणे नाही सांगता येत. आजार जात नाही, गोळ्यांनी दिवस सोपे होतात. पुढे लागलंच तर मेंदूत बारीक तार आणि छातीत बॅटरी बसवायचं ऑपरेशन असतं; मेंदूत नव्या पेशी घालायचे प्रयोगही चालू आहेत.

आचार्यजींनी विचारलं, "अन् बॅटरी उतरली तं? लगन अर्धंच रायते का?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. विचारणाऱ्याचा चेहरा तेवढा तसाच राहिला.

पुढे आवाजही बसत गेला. गोळी चढली की थोडा वेळ मोकळा मिळायचा, मग पुन्हा सगळं आखडायचं. त्यांनी लग्नं लावणं सोडलं. एकच राखून ठेवलं होतं, मुलीचं. तिगावला जाऊन वरपक्षाला सांगून आले, "बराबर बाराले लावू. तेवढाच आवाज आहे माह्यापाशी."

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी गोळी जेवणाच्या बरीच आधी घेतली. बाराला मांडवात ताठ उभे होते, माईकवर पाहुण्यांना बसायला सांगत होते. वरात मात्र नाक्यावर डीजेपुढे नाचत होती. मी धावत गेलो.

"चला ना बापा, आचार्यजी थांबून राहिले!"

"एकच गाणं, काका!" म्हणत पोरांनी मलाच मध्ये ओढलं. माझं पोट हललेलं पाहून त्यांना आणखी चेव आला. एका गाण्याची किती गाणी झाली, ते तुम्हाला सांगायला नको.

वरात मांडवात शिरली तेव्हा आचार्यजी खुर्चीत आखडून बसले होते. दुसरी गोळी दिली, पण ती चढेपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हतं. पाहुणे जेवणाकडे सरकत होते. माईक ओठांशी धरला तर भोंग्यातून नुसता श्वास ऐकू आला.

मुलगी हार घेऊन त्यांच्यासमोर खाली बसली. माईक तिने स्वतःकडे घेतला.

"बाबा, तुम्ही म्हणा. मी तुमच्या ओठाकडे पाहून राहिली."

ते पुटपुटत गेले, ती मोठ्याने म्हणत गेली, आणि तिच्यामागून मांडव. स्वतःचं लग्न तिने असं लावलं.

फुलं पडली. वरपक्षातली एक बाई दुसरीला म्हणाली, "पोरीचा बाप काही खुश नाही दिसून राहिला."

त्यांनी ते ऐकलं असावं. त्या बाईकडे मान वळवणं त्यांना जमलं नाही. गालावर गुलाबाची एक पाकळी चिकटली होती, ती झटकायला हातही उचलेना. मी काढायला गेलो, तर ती भिजलेली होती.